चार बोटं जागा

उपासनी डॉक्टरांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, त्यांच्या कडा नीट जुळवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हुपरीकरबाई, हे दोन्ही कागद एकाच माणसाचे वाटतात का, बघा जरा."

डावीकडचा माझाच होता. सफाई कामगारांच्या रजेबद्दल गेल्या महिन्यात मी टाईप केलेलं पत्र. उजवीकडचा हातानं लिहिलेला, तोही मूळ नव्हे, झेरॉक्स. जिल्ह्याच्या कार्यालयातून खुलाशासाठी आलेली. अक्षर मी कधी न पाहिलेलं. प्रत्येक अक्षर सुटं, कोरल्यासारखं, आणि डोक्यावरची रेघ पट्टी धरून मारलेली. वर मधोमध एकच मोठी ओळ होती: लसीचा फ्रिज २२ दिवस बंद आहे. तिच्याखाली बरीच मोकळी जागा. मग तीन छोट्या ओळी, एकाखाली एक.

बंद पडला — ३ मार्च
आज तारीख — २५ मार्च
मधल्या दिवसांत लस दिलेली मुले — ३१४

पुन्हा मोकळी जागा, आणि शेवटी एकच वाक्य: या मुलांना परत लस द्यावी लागेल. खाली नाव नाही, सही नाही. वरचा उजवा कोपरा कोरा.

"अक्षर बदलता येतं," डॉक्टर म्हणाले. "मांडायची सवय नाही बदलता येत."

"मी नाही लिहिलं, सर."

"मी कुठं म्हटलं तुम्ही लिहिलं? सारखे वाटतात का, एवढंच विचारलं."

मी पुन्हा बघितलं. ते कागद सारखे वाटत होतेच. डोळे मिटायला लावून कुणी माझ्यासमोर ते पान धरलं असतं आणि मग उघड म्हटलं असतं, तर मीही म्हणाले असते की हे माझं.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची, दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली. मी तिथं टंकलेखक होते, तात्पुरती. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवायचे, त्याला 'खंड' म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश देऊन परत घ्यायचे. असे तीन खंड झाले होते. चौथ्याच्या आधी कायम करण्याची शिफारस उपासनी डॉक्टर पाठवणार होते. घरी मी आणि आई. आईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं ती माझ्या कायमच्या आदेशाची वाट बघत होती.

माझ्या पत्रांचं जिल्ह्यात कौतुक व्हायचं. इतर तालुक्यांतून यायचे ते कागद म्हणजे मुंग्यांचं वारूळ, कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं ते कळायचं नाही. माझं पान एका नजरेत वाचता यायचं. एका कागदावर एकच विषय. महत्त्वाचं सगळ्यात वर. आकडे वाक्यात कोंबायचे नाहीत, खाली उतरवून एका रेषेत लावायचे. दोन परिच्छेदांत ऐसपैस जागा सोडायची. एका पानावर अधोरेखित एकच गोष्ट करायची, कारण सगळंच अधोरेखित केलं की काहीच होत नाही. हे मला टायपिंग क्लासच्या बाईंनी शिकवलं असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि मलाही तसंच वाटायचं.

"काही कळलं तर सांगा," डॉक्टर म्हणाले. "आणि हो, त्या पंधरवड्याच्या अहवालाची स्थळप्रत आणून द्या. माझ्याकडे राहू दे."

स्थळप्रत म्हणजे ऑफिसात ठेवायची कार्बन कॉपी. ती कुणी कधी मागत नाही. मी फाईलमधून काढून त्यांना दिली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

तो अहवाल काय होता हे इथंच सांगून टाकते. तीन मार्चला फ्रिज बंद पडला हे घाटगे सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, माझ्यादेखत. मेकॅनिक म्हणाला, पार्ट पुण्याहून यायला पाहिजे. दोन दिवस बर्फ आणून झाला. पण मार्चअखेर होती, लसीकरणाचं उद्दिष्ट पुरं केलं तर जिल्ह्यात आमचा तालुका पहिला येणार होता आणि डॉक्टरांचं नाव बक्षिसाला जाणार होतं. शिबिरं थांबली नाहीत. सोळा तारखेला पंधरवड्याचा अहवाल करताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "फ्रिजचं लिहायला पाहिजे, नाहीतर उद्या अंगावर येईल. पण डोळ्यांत भरायला नको. सगळं एकाच परिच्छेदात बसवा. ओळी जवळ जवळ घ्या."

मी घेतल्या. दुसऱ्या परिच्छेदाच्या अकराव्या ओळीत, खाटांच्या गाद्या आणि जनरेटरचं डिझेल यांच्या मधोमध, दिनांक तीनपासून बंद असलेल्या शीतपेटीबाबत मेकॅनिकला कळविले आहे, असं ते वाक्य मी पुरलं. मला मांडायची कला येत होती, म्हणजे लपवायचीही येत होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही, पण कागद गेला.

तो टपालात टाकायला नेताना कोळेकरमामांनी हातात धरून बघितला होता. मामा आमचे शिपाई, बावीस वर्षं नोकरी झालेली. पगारपत्रकावर अंगठा द्यायचे. फायली ओळखायचे त्या पुठ्ठ्याच्या रंगावरून आणि दोरीच्या गाठीवरून.

"बाई, ह्या वक्ताला पान काळं झालंय," ते म्हणाले होते.

"रिबन नवी आहे, मामा," मी म्हणाले होते.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि गेले.

निनावी अर्जाची बातमी दुपारपर्यंत सगळ्या रुग्णालयात पोचली. कुणीच काही बोललं नाही आणि सगळ्यांना सगळं ठाऊक झालं. चहाच्या वेळी नेहमी माझ्या टेबलापाशी टेकणाऱ्या घाटगे सिस्टर त्या दिवशी दारातूनच कप घेऊन गेल्या. मला वाटलं, ह्यांनीच केलंय. दुसरं कोण करणार? फ्रिजवरून डॉक्टरांशी त्यांचीच खडाजंगी झाली होती. तीनशे चौदा हा आकडा त्यांच्याच रजिस्टरात होता. आणि माझ्यासारखं मांडून लिहिलं की नाव माझ्यावर येणार, इतकी अक्कल त्यांना नक्की होती. तीन वर्षं ज्या बाईच्या डब्यातली भाजी मी खाल्ली, तिच्याबद्दल हे सगळं पाच मिनिटांत मनात येऊन गेलं.

मग ती पट्टी सापडली. माझी स्टीलची पट्टी, समासाच्या रेघा आखायची. ड्रॉवरमधून काढली तर तिच्या एका कडेला काळ्या शाईचे डाग, लांबवर, ओळीनं. आमच्या ऑफिसात काळी शाई एकाच ठिकाणी होती, औषधांच्या खोक्यांवर नावं घालायच्या दौतीत. ती दौत स्टोअरमध्ये असायची आणि स्टोअरची किल्ली सिस्टरांकडे. म्हणजे कुणीतरी माझी पट्टी नेली, अक्षरांच्या रेघा मारल्या आणि परत जागच्या जागी आणून ठेवली होती.

मी पट्टी पदराखाली धरून मागच्या नळावर गेले आणि राखेनं घासायला लागले.

"काय घासताय?"

मागे सिस्टर उभ्या होत्या, हातात उकळायच्या सुयांचं भांडं.

"पट्टी. गंज चढला होता."

"स्टीलला?"

मी पट्टी नळाखाली धरली. सिस्टरांनी माझ्या हाताकडे बघितलं. बोटं काळी झाली होती.

"नलिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "केलं असशील तर चांगलं केलंस. पण मला आधी सांगायचं होतंस. माझ्या रजिस्टरातला आकडा घेतलास, आता पहिली मी मरणार."

"मी नाही केलं. मला वाटलं, तुम्ही."

"मी करायचं तर सही करून केलं असतं," सिस्टर म्हणाल्या आणि भांडं घेऊन निघून गेल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. मीही त्यांच्यावर ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याहून बोंद्रे साहेब आले. सहायक संचालक, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवून ठेवायची सवय. त्यांनी पहिल्यांदा फ्रिज बघितला. फ्रिज गुरगुरत होता. पुण्याचा जो पार्ट बावीस दिवस मिळत नव्हता, तो अर्ज पोचल्याचा फोन आल्यावर एका रात्रीत मिळाला होता. मग त्यांनी तापमानाची वही बघितली. रोजच्या रोज दोन वेळा नोंद, सगळी व्यवस्थित, सगळी एकाच पेनानं.

"मधे एक दुपारभर बंद होता," उपासनी डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी डोंगर केला त्याचा. माझ्याच स्टाफमधलं आहे, मला खात्री आहे. ऑफिसची माहिती बाहेर जाते हे जास्त गंभीर आहे, साहेब."

"बघू," बोंद्रे साहेब म्हणाले. "लिहिणारी माणसं किती तुमच्याकडे?"

आम्ही पाच जण होतो. मी, सिस्टर, औषधं देणारे फार्मासिस्ट, केसपेपर काढणारा कारकून आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. आम्हाला बाह्यरुग्ण विभागातल्या बाकांवर लांब लांब बसवलं, परीक्षेला बसवतात तसं. कोळेकरमामांनी सगळ्यांना एकेक कोरा कागद वाटला.

"मी एक प्रसंग सांगतो," बोंद्रे साहेब म्हणाले. "तुमच्या विहिरीच्या पंपाची मोटर जळाली आहे. कधी जळाली, किती दिवस पाणी नाही, किती पेशंटना दुसरीकडे पाठवलं, हे मला कळवायचं आहे. आपापल्या पद्धतीनं लिहा. शब्द कुठलेही वापरा. अक्षर मी बघणार नाही."

अक्षर बघणार नाही म्हणाले तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे काय बघणार आहेत. सवयीनं मी पेन वर मधोमध नेलं होतं. ते मागे घेतलं आणि कागदाच्या अगदी डाव्या टोकापासून लिहायला सुरुवात केली. मोटर, तारीख, पेशंट, सगळं एकापाठोपाठ एक, मधे श्वास नाही, समास नाही. आकडे अक्षरांत लिहिले. ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढवल्या. वरपासून खालपर्यंत पान भरून टाकलं आणि दिलं.

मामांनी कागद गोळा केले. माझा घेताना ते किंचित थांबले.

"हे तुमचं?" ते पुटपुटले.

"द्या लवकर, मामा," मी म्हणाले.

अर्ध्या तासानं मला आत बोलावलं. उपासनी डॉक्टरांच्या खुर्चीत बोंद्रे साहेब बसले होते, डॉक्टरांना त्यांनी बाहेर पाठवलं होतं. टेबलावर पाच कागद आणि त्यांच्याशेजारी तो अर्ज. ह्या वेळी मूळ, काळ्या शाईतला.

"बसा. चौघांनी नेहमी लिहितात तसं लिहिलंय," ते म्हणाले. "सिस्टरांचं पान तिरकं जातं, त्यांचं रजिस्टरही तिरकं जातं. फार्मासिस्ट प्रत्येक ओळीखाली रेघ मारतात, ते नेहमीच मारतात. फक्त तुमचं पान तुमच्यासारखं नाही."

त्यांनी माझं पान बाकीच्या चारांपासून बाजूला काढलं.

"तीन वर्षं तुमची पत्रं माझ्या टेबलावर येतात. मी वाचतो ती. खरं सांगायचं तर बाकीच्यांची वाचतच नाही, चाळतो. आणि आज तुम्ही हे असलं लिहून दिलंत. का?"

"घाबरून," मी म्हणाले. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"कशाला? अर्ज तुमचा नसेल तर?"

"माझ्यासारखा दिसतो म्हणून."

"हं." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "हे बघा. फ्रिज चालू आहे. वही स्वच्छ आहे. आता ह्या कागदामागे माणूस उभा राहिला नाही, तर निनावी म्हणून दप्तरी दाखल करावा लागेल मला. माझ्या हातात दुसरं काही नाही. मला माणूस पाहिजे."

माणूस कशाला पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकायला की त्याला घरी बसवायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बाहेर दाराच्या काचेवर उपासनी डॉक्टरांची सावली होती, जात नव्हती, येत नव्हती. त्यांच्या ड्रॉवरच्या कुलपाकडे माझी नजर गेली. शिफारस ह्या आठवड्यात जाणार होती.

बोंद्रे साहेबांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. "ही वरची कोपऱ्यातली कोरी जागा बघा. बाहेरचा माणूस अशी जागा कशाला सोडेल? साहेब शेरा तिथं लिहितो, हे ऑफिसातल्यालाच माहीत. तुमच्या प्रत्येक पत्रावर ही जागा असते."

असायची खरी. चार बोटांची. मी नकळत हात उचलला आणि त्या कोऱ्या कोपऱ्यावर चार बोटं आडवी ठेवली, टाईप करायला कागद चढवताना रोज ठेवायची तशी.

माझी चार बोटं ठेवून झाली, तरी पुढं आणखी एका बोटाची जागा उरली.

तेवढ्यात दार ढकलून कोळेकरमामा चहा घेऊन आले. एक कप साहेबांपुढं ठेवला, एक माझ्यापुढं. कप ठेवताना त्यांचा पंजा त्या कागदाच्या शेजारी आला. रुंद, काटक्या तोडून, बादल्या उचलून चपट्या झालेल्या बोटांचा. आणि मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली दुपार आठवली. मी टाईप केलेलं पहिलंवहिलं पत्र आत न नेताच परत घेऊन मामा आले होते. "साहेब वाचनार न्हाईत ह्यो कागद," म्हणाले. का विचारलं, तर म्हणाले, "काळा झालाय. एकुणीस वरसं सायबांच्या म्होरं कागद धरून हुबा ऱ्हातोय मी. नजर पयली हितं येती, मंग हितं. मंग सही. कागद भरला की नजर फिरती आन बाजूला टाकत्यात." आणि कोपऱ्यावर आपला पंजा ठेवून म्हणाले होते, "हितं चार बोटं जागा ठिवा. शेरा मारायला." पुढची तीन वर्षं माझं प्रत्येक पत्र आत नेताना ते बोटं लावून बघायचे आणि म्हणायचे, "एक बोट कमी पडलं, बाई." मी हसायचे. माझा हात लहान होता, एवढंच.

टायपिंग क्लासच्या बाईंनी मला वेग शिकवला होता. पान कसं वाचतात हे त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं.

आम्हा पाच जणांना परीक्षेला बसवलं तेव्हा मामांनी कागद वाटले होते. त्यांच्या हातात कागद द्यायचं बोंद्रे साहेबांच्या मनात आलं नाही, उपासनी डॉक्टरांच्या आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही. अंगठा देणारा माणूस लिहील कशाला?

मामा हलत नव्हते. ते त्या अर्जाकडं बघत होते आणि मग माझ्या हाताकडं.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या बाईंनी—"

"मामा, मला चहा नको," मी मोठ्यांदा म्हणाले. "घेऊन जा. आणि दार लावून घ्या."

तीन वर्षांत मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. त्यांनी कप उचलला. चहा बशीत सांडला. दोन वर्षांनी त्यांची पेन्शन होती. ते गेल्यावर मी दाराच्या काचेकडं बघितलं. सावली तिथंच होती. आता मला तिची भीती वाटेना, राग यायला लागला.

"साहेब, माणूस कशाला पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं. "पुरावा तुमच्याच ऑफिसात आहे. सोळा मार्चचा आमचा पंधरवड्याचा अहवाल काढा. दुसरा परिच्छेद, अकरावी ओळ. दिनांक तीनपासून फ्रिज बंद असल्याचं त्यात लिहिलंय. डॉक्टरांच्या सहीनं."

बोंद्रे साहेबांनी टेबलावरचे पाचही कागद एकावर एक रचले. "तो अहवाल मी बघितलाय," ते म्हणाले.

"बघितला असेल. वाचला नसणार. तुम्ही वाचू नये असाच मी तो टाईप केला होता."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सांगितलं डॉक्टरांनी. केलं मी."

त्यांनी फोन उचलला, जिल्ह्याला लावून घेतला आणि कुणालातरी तो अहवाल काढून दुसरा परिच्छेद वाचायला सांगितलं. पलीकडून वाचताना त्या माणसाचीही दमछाक झाली असणार, कारण साहेब दोनदा म्हणाले, "पुढं वाच, पुढं." मग त्यांनी रिसीव्हर जागेवर टेकवला. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि हा अर्ज?" त्यांनी विचारलं. "हाही तुमचाच म्हणायचा?"

मी त्या कोऱ्या कोपऱ्याकडं बघितलं.

"मांडणी माझी म्हणतात ना सगळे," मी म्हणाले. "माझाच लिहा."

बोंद्रे साहेबांनी माझ्या काळवंडलेल्या बोटांकडं बघितलं. पट्टीची शाई अजून नखांत होती. त्यांचं समाधान झालं.

पुढचं सगळं आठवड्याभरात झालं. उपासनी डॉक्टरांची बदली झाली. त्यांचं बक्षीस गेलं, नोकरी राहिली. तीनशे चौदा मुलांना परत लस द्यायचा आदेश आला. सिस्टर घाटगे याद्या घेऊन गावोगाव गेल्या, जाण्याआधी माझ्या टेबलावर डबा ठेवून गेल्या. त्यांच्याबद्दल मी काय काय मनात आणलं होतं, ते मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मला खंड दिला. नेहमीसारखा एक दिवसाचा नव्हे. ऑफिसची माहिती बाहेर देणाऱ्या माणसाला नवा आदेश कोण काढणार? नवे प्रभारी डॉक्टर बिचारे सभ्य होते. संकोचून म्हणाले, "बाई, तुमचा कार्यमुक्तीचा आदेश तयार करायचाय. पण टाईप करणारं दुसरं कुणी नाही."

"करते ना," मी म्हणाले.

मशीनवर कागद चढवला. वर मधोमध विषय, खाली जागा. नाव, हुद्दा, तारीख, एकाखाली एक. कोपऱ्यावर चार बोटं ठेवली आणि त्यांच्यापुढं आणखी एका बोटाची जागा सोडली. आई घरी विचारणार होती, आदेश आला का. आला, म्हणायचं होतं.

कोळेकरमामा तो सहीला आत घेऊन गेले आणि बाहेर घेऊन आले. माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी नीट बोललो नव्हतो. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, हाताचा पंजा धोतराला पुसला आणि कोपऱ्यावर चार बोटं लावली.

"आज बसलं बराबर," ते म्हणाले.

"हो."

"तवाच कळलं तुमाला. मी चा घिऊन आलो तवा."

"तेव्हाच."

ते तसेच बोटं टेकून उभे राहिले. "आमच्या वस्तीवरच्या बायका येत नव्हत्या, बाई. सुईला भ्यायच्या. मी घरोघरी जाऊन सांगितलं, सरकारी औषद हाय, पोरगं लंगडं व्हऊ द्यायचं न्हाई. मी म्हनालो म्हनून आल्या. एकशे सहा पोरं नुसती आमच्या वस्तीची. आन मंग तुमचं ते काळं पान वाचलं." त्यांनी बोटं कागदावरून उचलली. "वाचाय मला कवाच येतंय. लिवाय येत न्हवतं, म्हनून एकेक अक्षर बघून काडलं. चार रात्री लागल्या. आकडा सिस्टरांच्या रजिस्टरात बघितला, खोकी ठिवाय स्टोअरात गेलो तवा शाई घेतली, पट्टी तुमची घेतली. कागद चांगला दिसावा म्हनून तुमच्यावानी मांडला, आन तुमच्याच गळ्याला आला."

"माझ्यावानी नाही, मामा. तुमच्यावानीच."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मान हलवत ते म्हणाले, "मी उद्या सांगतो नव्या साहेबांना. पगाराच्या कागदावर अंगठ्याच्या जागी सहीच करतो. बघू देत. कळंल त्यांचं त्यांना."

मी माझ्या पर्समध्ये आदेश घडी करून ठेवला, पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली आणि त्यांना म्हणाले, "दोन वर्षं अजून अंगठाच द्या."